उचंत खात्यातले अकरा मिलिमीटर

दादाची फियाट अठरा वर्षं साताऱ्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. उभी म्हणायचं ते आपलं सवयीनं. खरं तर ती डाव्या अंगावर कलून विसावली होती, एखाद्या म्हाताऱ्यानं काठीवर भार टाकून दाराशी थांबावं तशी. मागच्या सीटवर रद्दीचे गठ्ठे, टपावर लोणच्याच्या रिकाम्या बरण्या. एका पावसाळ्यात मांजरीनं आत पिल्लंही घातली होती. २०२१ साली दादा गेला. त्यानंतर तीन वर्षांनी माझा पुतण्या पुण्याहून आला, शेडचं दार उघडून बराच वेळ आत उभा राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, “काका, बाबांची गाडी मी पुन्हा रस्त्यावर आणणार.”

मी कादंबऱ्या लिहितो आणि त्याआधी सदतीस वर्षं बँकेत होतो. दोन्ही धंद्यांत हात काळे होतात ते शाईनं, ग्रीसनं नव्हे. स्टेपनी बदलण्यापलीकडे माझी मजल कधी गेली नाही. तरीही मी त्याला म्हणालो, “मी आहे तुझ्याबरोबर.” का म्हणालो, ते पुढे येईलच.

फियाट म्हणतो ती कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, १९७८ची. दादानं ती १९८४ साली जुनी म्हणून घेतली. मूळची ही इटलीची लेक. फियाटनं १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात जी ११०० गाडी मांडली, तिचंच हे घराणं. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी इथली झाली आणि १९७४ साली ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच लागून असलेला गिअर, आणि पुढच्या सीटवर तिघं बसतील अशी ऐसपैस जागा. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी सगळ्या देशानं सिनेमात पाहिली. त्या टॅक्स्यांची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईतून पद्मिनी टॅक्सी उठली. पण साताऱ्या-सांगलीकडे आजही कुणी ‘पद्मिनी’ म्हणत नाही. फियाट ती फियाटच.

दादा डॉक्टर. ही गाडी म्हणजे त्याचा अर्धा दवाखाना होता. रात्री-अपरात्री कुणाच्या तरी दारात तिचे दिवे लागले, की घरातल्यांचा जीव भांड्यात पडायचा.

पुतण्या चिंचवडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करतो. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेप धरला आणि निदान केलं : पुढची डावी बाजू उजवीपेक्षा चौदा मिलिमीटर खाली आहे. त्यावरचा उपायही त्याच्याकडे तयार होता. “कॉइलओव्हर बसवू या, काका.”

हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. त्यानं समजावून सांगितलं ते असं. गाडीच्या चाकाला दोन सोबती असतात. एक स्प्रिंग, ती वजन पेलते आणि खड्ड्यात दबते. दुसरा शॉकॲब्सॉर्बर, तो स्प्रिंगला उड्या मारत राहू देत नाही. कॉइलओव्हरमध्ये हे दोघं एकाच जोडणीत येतात. शॉकॲब्सॉर्बरच्या अंगाला आटे पाडलेले असतात, त्यावर स्प्रिंगला खालून आधार देणारी एक चकती असते. चकती फिरवली की गाडीची ती बाजू वर किंवा खाली. “डावीकडे चार फेरे जास्त दिले की गाडी लेव्हल,” पुतण्या म्हणाला.

मला ते फार पटलं. बँकेतही असं एक खातं असतं. दिवसाअखेर हिशोब जुळत नसेल, फरक कशाचा ते कळत नसेल, तर ती रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. जुन्या मराठी जमाखर्चात त्याला उचंत खातं म्हणत. वही दिसायला जुळते, साहेब घरी जातात आणि चूक आहे तिथंच राहते. सस्पेन्स आणि सस्पेन्शन यांचं हे नातं पुतण्याला सांगून मी हसलोही. त्या दिवशी मला हसू येत होतं.

मिस्त्रींना मात्र ते अजिबात पटलं नाही. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ. उमेदीची वीस-बावीस वर्षं मुंबईत टॅक्स्यांखाली पाठीवर पडून काढलेली, आता गावाकडे लेकाच्या गॅरेजात बसतात. गाडीकडे त्यांनी डॉक्टरच रोग्याकडे पाहील तसं पाहिलं. आधी लांबून, मग वाकून, मग आडवं होऊन. उठून हात पुसत म्हणाले, “सायेब, नट फिरवला की गाडी वर यील. सरळ न्हाय व्हायची.”

“म्हणजे?”

“म्हंजी पायाच सरकलाय का बघाया पायजे. पाया सरकला आसंल तर तुम्ही भिंतीला किती बी गिलावा मारा.”

पाया म्हणजे सबफ्रेम. मिस्त्री लोक तिला क्रॉस मेंबर म्हणतात. गाडीच्या पुढच्या अंगाला खालून बोल्टांनी बसवलेली ही एक आडवी पोलादी तुळई. पुढच्या चाकांना धरणाऱ्या दांड्या हिच्या आधारानं हलतात. ती जरा वाकडी बसली, की चाकं वाकड्या घराला धरून सरळ राहायची धडपड करतात आणि त्या धडपडीत टायर, स्टिअरिंग आणि माणूस असे तिघंही झिजतात.

मग सुरू झाली मोजणी. गॅरेजात लाखांची यंत्रं असतील ही माझी कल्पना. मिस्त्रींनी काढलं काय, तर गवंड्याचा ओळंबा, सुतळी, खडू, स्टीलचा टेप आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी. नळीनं आधी जमीन सपाट आहे का पाहिलं. मग गाडी चार घोड्यांवर चढवून तिची पातळी साधली. गाडीच्या तळाला कारखान्यानंच काही भोकं ठेवलेली असतात, ती कधी हलत नाहीत. त्या भोकांतून ओळंबा सोडायचा, तो जमिनीवर जिथं टेकेल तिथं खडूनं फुली मारायची. असं एकेक करत गाडीचा नकाशा फरशीवर उतरला. नंतर फुल्यांमधली अंतरं मोजायची : उभी, आडवी आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तिरकी. चौकोन काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण सारखे भरतात. हे आपण सातवी-आठवीत शिकलो, मार्क मिळवले आणि विसरलो. मिस्त्री शाळेत चौथीपर्यंत गेले, ते विसरले नव्हते.

त्यांनी आधी मागचा आस तपासला. मी विचारलं, दुखणं पुढे आहे, मग मागे का? ते म्हणाले, “ज्याच्यावरनं मोजायचं, त्योच खोटा आसंल तर?” मागचा आस चोख निघाला. मग पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर. कंपनीचा आकडा २३४० मिलिमीटर. उजवी बाजू बरोबर २३४०. डावी २३२९.

पुतण्यानं पुन्हा मोजलं. २३२९. अकरा मिलिमीटर. आपल्या करंगळीच्या रुंदीएवढं असेल.

“कुणी अलाइनमेंट केली नव्हती का आजपर्यंत?” पुतण्यानं विचारलं. मिस्त्री म्हणाले, केली असणार, दहादा केली असणार. पण टायरच्या दुकानात पुढची दोन चाकं एकमेकांशी समांतर आहेत का, एवढंच बघून टायरॉडचा नट फिरवून देतात. दोन्ही चाकं मिळून मागच्या चाकांशी कशी आहेत, ते कोण बघतो? एका खोट्याशी दुसरं खोटं जुळवून दिलं, की पावती फाटते.

मग ते बॅटरी घेऊन गाडीखाली गेले. थोड्या वेळानं आतूनच आवाज आला. “सायेब, हितं वेल्डिंग हाय. कारखान्याचं न्हाई हे. रस्त्याकडंच्या कुणीतरी घाईनं मारलंय. बोल्टाचं भोक बी लांबलंय. डाव्या चाकाला दणका बसलेला दिसतो. कवा बसला?”

पुतण्या म्हणाला, “बाबांनी कधी गाडी ठोकली नाही. एकदाही नाही.”

मी गप्प राहिलो.

त्या रात्री पुतण्यानं कपाटातून दादाची गाडीची वही काढली. दादाला नोंदी ठेवायची सवय होती. १९८४ पासूनचं पेट्रोल, किलोमीटर, ऑइल, टायर, सगळं त्याच्या त्या डॉक्टरी अक्षरात. पुतण्या मोठ्यानं वाचत होता. २४ मार्च १९९१ : चारही टायर पाहिले, झीज सारखी. त्यानंतरची नोंद ६ एप्रिल १९९१ : गाडी किंचित डावीकडे ओढते, हवा तपासणे. पुढे १९९३ : डावं पुढचं टायर एका कडेनं संपलं, अलाइनमेंट केली. १९९५ : पुन्हा तेच, मेकॅनिक बदलला. १९९९ : नवे टायर, नवे किंग पिन, तरी ओढते. आणि शेवटची नोंद नोव्हेंबर २००६ची : खंबाटकी उतरताना ब्रेक लावला, गाडी डावीकडे गेली. बहुधा माझाच हात. आता पुरे.

त्यानंतर वहीची पानं कोरी आहेत. दादा तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता. त्यानंतर त्यानं गाडी चालवली नाही, आणि रात्रीच्या व्हिजिटही हळूहळू बंद केल्या. “माझा हात आता सरळ राहत नाही,” असं तो हसत सांगायचा. मीही ते अनेकदा ऐकलं होतं आणि हसलो होतो.

सकाळी गॅरेजात जायच्या आधी मी पुतण्याला सगळं सांगितलं.

३१ मार्च १९९१. रविवार असूनही आमची शाखा उघडी होती, कारण वर्षअखेर. मी तेव्हा कोरेगावला होतो. दादा एका परिषदेसाठी मुंबईला गेला होता, वहिनी लहानग्या पुतण्याला घेऊन माहेरी. जाताना दादानं किल्ली माझ्या हातात ठेवली होती. “क्लोजिंगला उशीर होईल, रात्री एस.टी. मिळायची नाही. गाडी ठेव.” आमचे वडील लवकर गेले. माझं शिक्षण दादानं केलं, तेव्हा त्याच्या गाडीची किल्ली मला काही मोठी वाटली नाही.

त्या रात्री आमच्या हिशोबात त्रेसष्ट रुपयांचा फरक येत होता. फरकाला नऊनं भाग गेला तर कुठंतरी आकडे उलटे लिहिले गेलेत, ही बँकेतली जुनी खूण. त्रेसष्टला नऊनं भाग जातो. पाच तास लेजरं उपसल्यावर ते सापडलं : अठराच्या जागी एक्याऐंशी. शाखेत टाळ्या वाजल्या, चहा झाला. रात्री दीडला मी निघालो. वीसेक किलोमीटरचा रस्ता, डोळ्यांवर झोप, मनात विजय. एका वळणावर डावं चाक मोरीच्या कठड्याच्या दगडावर आदळलं.

मला खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी हमरस्त्याच्या कडेला एकानं झाडाला चेनपुली बांधून पुढचा भाग ओढून दिला, खाली काहीतरी वेल्ड केलं, बंपर ठोकून सरळ केला आणि साडेचारशे रुपये घेतले. मी नवं टायर टाकलं. शुक्रवारी दादा आला तेव्हा म्हणालो, “टायर फुटलं होतं, बदललं.” तो म्हणाला, “अरे, पैसे किती झाले? देतो.” मी घेतले नाहीत. तेवढीच सचोटी त्या दिवशी शिल्लक होती.

नंतर सांगू म्हटलं, मग सांगण्याची वेळ टळून गेली, मग सांगण्यासारखं काही राहिलं नाही असं वाटू लागलं. त्रेसष्ट रुपयांचा फरक पहाटेपर्यंत बसून शोधणारा मी, हा फरक मात्र उचंत खात्यात टाकून मोकळा झालो. आणि तो पंधरा वर्षं दादाच्या नावावर पडत राहिला.

पुतण्या ऐकत होता. तो रागावेल, निदान काही विचारेल, असं मला वाटलं. तो उठला, गाडीची किल्ली घेतली, म्हणाला, “चला, मिस्त्री वाट बघत असतील.” गॅरेजात पोचल्यावर टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. “काका, हे धरा. घट्ट धरा.” पुढचे चार दिवस मी टेप धरण्याचंच काम केलं.

सबफ्रेम सरळ करणं हे सैल करून ढकलण्याइतकं सोपं नसतं. इंजिनाला वरून चेनपुलीचा आधार दिला. स्प्रिंगा काढताना मिस्त्रींनी आम्हाला दूर उभं केलं. दाबलेली स्प्रिंग म्हणजे कोंडलेला बैल, सुटली तर हातपाय मोडेल. म्हणून तिला साखळी घालून, हळूहळू सैल करत उतरवतात. जुना क्रॉस मेंबर खाली आला तेव्हा त्याची डावी बाजू पिळवटलेली उघड्या डोळ्यांना दिसत होती. मिस्त्रींनी मोडीत निघालेल्या एका टॅक्सीचा क्रॉस मेंबर आणून ठेवला होता. तोही त्यांनी आधी सपाट फरशीवर ठेवून, कर्ण मोजून पाहिला. दुसऱ्याचा आहे म्हणून तो सरळच असेल असं धरायचं नाही. गाडीच्या अंगावरचं लांबलेलं भोक चांगल्या वेल्डरकडून भरून घेतलं आणि मोजून नव्यानं पाडलं.

मग जुळवणी. चारी बोल्ट नुसते अडकवायचे, आवळायचे नाहीत. भोकात निमुळती सळई घालून तुळई केसाकेसानं सरकवायची. ओळंबा, फुली, टेप. एक बोल्ट थोडा आवळला की समोरचा तिरका थोडा, मग पुन्हा मोजायचं, कारण आवळतानाही पोलाद सरकतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उजवीकडे २३४०, डावीकडे २३३९ आलं. पुतण्याला तो एक मिलिमीटरही नको होता. मिस्त्री म्हणाले, “एक पोटात घालायचा आसतो. अकरा न्हाई.”

आता कुठं कॉइलओव्हरचं माप घ्यायला अर्थ होता. हे आधी घेतलं असतं तर डाव्या-उजव्या बाजूंची मापं वेगळी आली असती, आणि आम्ही वाकड्या गाडीला बेतून वाकडे कपडे शिवले असते. हे काम पुतण्याचं, त्यात तो पटाईत.

स्प्रिंग काढलेलीच होती. जॅकनं चाक वर उचलत न्यायचं, जिथं ते रबरी ठोकरीला टेकतं तिथं शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या आणि खालच्या टोकांमधलं अंतर मोजायचं. हे सर्वांत आखूड माप. मग चाक पूर्ण लोंबकळू द्यायचं, पुन्हा मोजायचं. हे सर्वांत लांब माप. नवा कॉइलओव्हर या आखुडाहून आखूड मिटला पाहिजे, नाहीतर खड्ड्यात चाक ठोकरीला टेकण्याआधी तोच ठेचला जाईल. या दोन टोकांमध्ये गाडी उभी असतानाचं माप. तिथून वर जायला जागा थोडी जास्त हवी, खाली यायला थोडी कमी.

पण उभी म्हणजे रिकामी नव्हे. मिस्त्रींनी शेजारच्या दुकानातून तांदळाची पोती आणवली आणि पुढच्या दोन्ही जागी ठेवली. “गाडी काय रिकामी पळती व्हय? मान्सं बसत्यात.” डावीकडच्या जागेवर दादाच्या शेजारी वहिनी बसायच्या. त्या जागी पोतं ठेवताना पुतण्यानं त्याला सीटबेल्ट लावल्यासारखं केलं आणि आम्ही तिघंही हसलो. चार दिवसांत पहिल्यांदा.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा. स्प्रिंग दांडीच्या मध्यावर कुठंतरी बसते, चाक दांडीच्या टोकाला असतं. समजा, चाक १०० मिलिमीटर हललं आणि स्प्रिंग ६०च दबली. तर स्प्रिंगचा जोर चाकापाशी साठ टक्के पोचतो, असं मी म्हणालो. पुतण्या म्हणाला, नाही, छत्तीस टक्के. कारण साठाचं नुकसान दोनदा होतं, एकदा अंतरात आणि एकदा जोरात. चक्रवाढ व्याज शिकवलेल्या माणसाला हे कळायला उशीर लागायला नको होता. मग चकती, टायर, ब्रेकची नळी आणि दांडी यांच्यामध्ये बोटभर तरी जागा राहते का, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. हे सगळे आकडे पुतण्यानं कुठं लिहिले, तर दादाच्या वहीत, २००६च्या पुढच्या कोऱ्या पानावर.

वहीत मापं आली, पण कॉइलओव्हर आले नाहीत. एक तर कायदा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. शिवाय २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षं ओलांडलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, आणि दादाच्या फियाटची पन्नाशी २०२८ साली आहे. पण खरं कारण वेगळंच होतं. क्रॉस मेंबर सरळ बसल्यावर जुन्या स्प्रिंगा घालून गाडी जमिनीवर उतरवली, तेव्हा चौदा मिलिमीटरचा फरक पाचावर आला होता. तो उरलेला पाच थकलेल्या डाव्या स्प्रिंगचा. पुतण्या वहीकडे बघत म्हणाला, “मूळ मापाच्या दोन नव्या स्प्रिंगा आणि दोन शॉकॲब्सॉर्बर. बस. फिरवायला चकतीच नको.”

त्या आल्या, बसल्या. शेवटी रबराचे बुश आवळायचे राहिले. मिस्त्रींनी एक नियम सांगितला. बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, माणसांचं वजन आत, आणि मगच. अधांतरी आवळले तर गाडी खाली टेकताक्षणी रबर पिळलं जातं आणि जन्मभर पिळलेलंच राहतं. माणसाचंही असंच असावं. जड गोष्ट त्याच वेळी, जमिनीवर पाय असताना आवळून टाकावी. मी चौतीस-पस्तीस वर्षं अधांतरी ठेवली.

पहिली फेरी आम्ही पहाटे मारली. रिकाम्या, सपाट रस्त्यावर पुतण्यानं स्टिअरिंगवरचे हात बोटभर वर उचलले. मी डाव्या जागेवर बसून खिडकीतून रस्त्याची कड बघत होतो. कड जवळ आली नाही. मग त्यानं ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर थांबली. कुणी काही बोललं नाही. इंजिन तेवढं बोलत होतं.

घरी आल्यावर मी वही मागून घेतली. बँकेत चुकीची नोंद खोडरबरानं पुसत नाहीत, खरवडत नाहीत, त्यावर कागद चिकटवत नाहीत. एक सरळ रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, शेजारी तारीख आणि सही. नव्या पोरांना मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. ‘बहुधा माझाच हात’ या तीन शब्दांवर मी एक रेघ मारली आणि वर लिहिलं : हात नव्हे, क्रॉस मेंबर. ३१ मार्च १९९१, कोरेगाव रस्ता. चूक माझी. खाली सही केली.

वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. वहिनी ओट्यापाशी भाजी निवडत होत्या. त्यांना सगळं सांगितलं, उभ्यानंच. त्यांनी चष्मा लावला, वही उजेडाकडे धरली, रेघेखालचं वाचलं, वरचं वाचलं. मी वाट बघत राहिलो. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“म्हणजे ह्यांचा हात सरळच होता,” वहिनी म्हणाल्या.

“हो.”

त्यांनी वही मिटली, पदरानं पुसली आणि परत माझ्या हातात न देता स्वतःजवळच ठेवली. मग पुन्हा भाजी निवडायला घेतली. थोड्या वेळानं मान वर न करताच त्यांनी विचारलं, “आज संध्याकाळी बाहेर काढणार आहात का गाडी? मला डावीकडेच बसायचंय.”